ट्रिपेलला किती मार्क

नांदेडला मोबाईलच्या स्क्रीन बदलणारा व्यंकट बिअरवर लिहितो, हे आधी कुणाला खरंच वाटत नव्हतं. बरं, लिहितो तरी कुठल्या बिअरवर, तर बेल्जियमच्या! नायगावच्या मामानं एकदा विचारलंही होतं, "बेल्जियम कोणत्या तालुक्यात आलं बाबा?"

पण पेज चालत होतं. नाव 'फेसाळ नांदेड'. कुणी हैदराबादहून एखादी बाटली आणायचं, कुणी पुण्याहून. व्यंकट ती गच्चीवर घेऊन बसायचा. दोन घोट, डोळे मिटून जरा वेळ, आणि मग फोनवर धडाधड बोटं. 'सेझॉन. कडब्याच्या गंजीजवळून गेल्यासारखं वाटतंय. पाचपैकी चार.' 'डबेल. मनुके, काळा गूळ, जरा करपलेली साय. साडेतीन.' शिकवलं कुणी नव्हतं. व्हिडिओ थांबवून थांबवून खालची इंग्रजी अक्षरं वाचत तो आपलाआपण शिकला होता. लोक वाचायचे, हसायचे आणि खाली विचारायचे, "भाऊ, चढती का पण?"

घरात करिश्मा तेवढी हसत नव्हती.

"अवो, लोक पितेत अन् गप झोपतेत. तुम्ही पिऊन निबंध लिहिताव. माझ्या माहेरी काय सांगू? ह्याच्यातून काही कामधंदा निघाला तर ठेवा ते पेज, न्हाईतर काढून टाका."

तिचं चूक होतं असंही व्यंकटला म्हणता येईना.

म्हणून पेज वाचून लातूरहून कुणा श्रीशैलचा फोन आला तेव्हा तो दुकानात उभा होता तिथंच खाली बसला. श्रीशैल डाळीच्या व्यापाऱ्यांच्या घरातला. औसा रोडला हॉटेल काढत होता, परमिट रूमसकट. त्याला बेल्जियमच्या बिअर ठेवायच्या होत्या. त्या चाखून निवडणारा, मेनूत त्यांच्याबद्दल चार ओळी लिहिणारा माणूस पाहिजे होता.

"ये, समोर चाखून दाखव," श्रीशैल म्हणाला. "जमलं तर पगारी काम. न्हाई जमलं तर चहा पिऊन जा."

करिश्मानं शर्टाला इस्त्री करून दिली. कॉलरवर इस्त्री दोनदा फिरवली.

हॉटेलात अजून रंगाचा वास होता. टेबलं आली होती, खुर्च्यांचं प्लास्टिक निघालं नव्हतं. त्यातल्याच एका खुर्चीवर कपाळाला भस्म लावलेले एक म्हातारे बसले होते. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, खांद्यावर उपरणं.

"हे आमचे काका, गुरुपादप्पा," श्रीशैल म्हणाला. "उदगीरला आडत होती ह्यांची. ही जागा ह्यांचीच."

"मी शिवत न्हाई ह्या मालाला," अप्पा आधीच बोलले. "पण जागा माझी हाय, म्हणून माणूस मी बघणार."

व्यंकटनं वाकून नमस्कार केला. ज्याच्या पुढ्यात बिअर प्यायची त्याच्याच पाया पडायचं, हे त्याला जरा अवघड गेलं. पण हात जोडून झाले होते.

श्रीशैल काउंटरच्या मागून एकेक ग्लास भरून आणणार आणि व्यंकटनं नाव न विचारता सांगायचं, असं ठरलं.

पहिला ग्लास गढूळ, पिवळट. "गव्हाची हाय, विटबिअर. गढूळ दिसती म्हणून खराब समजू नका, ही अशीच असती. धने टाकतेत हिच्यात, संत्र्याची साल टाकतेत. चार."

"धने?" अप्पा म्हणाले. "वरण हाय का बिअर?"

दुसरा ग्लास सोन्यासारखा साफ, गार, वर पांढरा फेस. व्यंकटनं घोट घेतला आणि त्याचा चेहराच उजळला. "ट्रिपेल! बघा शेठ, आधी मिरी येती. मग लिंबाच्या पानासारखं काहीतरी. कडू हाय, पण लगेच जातंय. दुसरा घोट आपणच मागतंय तोंड. साडेचार. ही ठेवाच."

श्रीशैल फोनवर टिपून घेत होता. तिसरी डबेल निघाली, तिला साडेतीन. चौथीचा घोट घेताना व्यंकटचा एक डोळा आपोआप मिटला.

"आंबली वाटती," श्रीशैल म्हणाला. "वासावरूनच कळलं मला. परत पाठवू?"

"न्हाई न्हाई! ही गूझ. मुद्दाम आंबवतेत, वर्ष दोन वर्षं. चिंच, ओला गोठा, कच्चं सफरचंद. पहिल्यांदा पेणारा शिव्या देईल, पण ही अशीच पाहिजे. चार."

अप्पांनी पुतण्याकडं बघितलं, मग व्यंकटकडं. "गढूळ हाय, तरी चांगली. आंबली, तरी चांगली. गोठ्याचा वास येतो, तरी चांगली. वाईट कोणती असती रे पोरा?"

पाचवा ग्लास आला तो ह्या प्रश्नावरच. रंग गढूळ, मातकट सोनेरी, फेस बसलेला. व्यंकटनं घोट घेतला, खाली ठेवला, परत घेतला.

"ही घ्या वाईट," तो म्हणाला. खरंतर त्याला बरं वाटलं, वाईट म्हणायला काहीतरी सापडलं होतं. "पिकून काळं पडलेलं केळं. भिजलेला पाव. गोड, चिकट, अन् मागून दारूचा चटका बसतोय. दीड. ही मेनूत नको शेठ, माझं नाव खराब होईल."

श्रीशैल हसला नाही. अप्पा हसले.

"दाखव त्याला," ते म्हणाले.

श्रीशैलनं काउंटरच्या मागून एक रिकामी बाटली आणून टेबलावर ठेवली. "दोन नंबरचा ग्लास अन् पाच नंबरचा ग्लास. हीच बाटली."

"म्हंजे?"

"एकच बिअर व्यंकट. ट्रिपेल. एकदा साडेचार दिलास, एकदा दीड."

"आडतीत नवा पारखी आला की आम्ही असंच करत होतो," अप्पा खुर्चीत सरकून बसले. "एकाच पोत्यातली तूर दोन ताटल्यांत ठेवायची. मधी दुसऱ्याचा माल. खरा पारखी दोन्हीला एकच भाव सांगतो. खोटा असला की गडबडतो."

व्यंकटला वाटलं चेष्टा चाललीय. त्यानं दुसऱ्या ग्लासात उरलेला घोट घेतला. मग पाचव्यातला. मग परत दुसऱ्यातला. दोन्ही वेगळ्याच लागत होत्या. शप्पथ वेगळ्या लागत होत्या. पण दुसरा ग्लास आता कोमट झाला होता, त्यात मगाची मिरी कमी आणि केळं जास्त लागायला लागलं होतं. की केळं म्हणून सांगितल्यामुळं केळं लागतंय?

"पाचवा ग्लास कधी ओतला शेठ?"

"बाटली बाहेरच होती की मघापासून. तुझी बडबड संपंना. मग तळाचं सगळं ओतलं त्यात."

"मग बरोबर हाय!" व्यंकट उठूनच उभा राहिला. "बेल्जियमच्या बाटलीत तळाला गाळ असतोय, तो सगळा ग्लासात आला. अन् गरम झाली. अन् वरून मी आंबट गूझ पेलो होतो, जीभ तिथंच अडकलेली. तिन्ही गोष्टी..."

"कारणं लई झाली की माल हलका असतो," अप्पा म्हणाले.

व्यंकट खाली बसला. आपण बोललो ते खरं आहे की पळवाट, हे त्याचं त्यालाच कळेना. गाळ खरा होता, गरमी खरी होती. पण खऱ्या पारख्याला गाळातूनही ट्रिपेल ओळखू आली नसती का? गच्चीवर किती बाटल्यांना किती मार्क दिले, कोणती गार होती, कोणती पिशवीत हिंदकळत आली होती, काय माहीत. त्या सेझॉनमधला कडबा खरंच होता की शेजारच्या गोठ्यातून वास येत होता?

"शेठ, तुम्ही चाखून बघा," तो काकुळतीला आला.

श्रीशैलनं दोन्हीतला घोट घेतला, टाळूला जीभ लावली. "मला दोन्ही सारख्याच कडू लागतेत."

"अप्पा, पिऊ नका, नुसता वास..."

"बेड, बेड!" अप्पांच्या तोंडून कानडीच निघालं; त्यांनी उपरणं नाकाला लावलं आणि दुसऱ्या हातानं नको नको केलं.

साक्षीला कुणीच उरलं नाही.

"हे बघ," श्रीशैल मऊ आवाजात म्हणाला. "मला तुझं लिहिणं आवडतंय. ते कडब्याचं वगैरे. मेनूत ट्रिपेलपुढं एकच आकडा लिहायचा हाय. साडेचार म्हण, मी माल मागवतो. दीड म्हण, सोडून देतो. एक सांग, अन् काम तुझं."

सोपं होतं. साडेचार म्हणायचं आणि संध्याकाळची गाडी धरायची. तीन म्हटलं असतं तरी चाललं असतं, मधलं. व्यंकटच्या ओठावर साडेचार आलंही होतं.

"न्हाई सांगता येत," तो म्हणाला. "गार असली, गाळ न हलवता हळू ओतली, तर साडेचार. तुमच्या वेटर पोरानं बाटली पालथी करून ओतली तर दीड. गिऱ्हाईकाला कोणती मिळणार ते मला काय माहीत? एकच आकडा लिहायचा असला तर माझं नाव लिहू नका."

"मग तुला ठेवून करू काय?" श्रीशैल वैतागला.

अप्पांनी व्यंकटकडं बघितलं, तुरीकडं बघावं तसं.

"ह्याला चाखायला ठेवू नको," शेवटी ते म्हणाले. "ओतायला ठेव."

ही शाबासकी की शिक्षा, हे व्यंकटला कळेना. श्रीशैललाही कळलं नसावं. तो आधी काकांकडं, मग ग्लासांकडं बघत म्हणाला, "बरं. ये मग सोमवारी."

बाहेर येऊन व्यंकटनं करिश्माला फोन लावला.

"झालं का काम?"

"झालं वाटतं."

"वाटतं म्हंजे काय अवो?"

"चाखायचं न्हाई म्हणले. ओतायचं."

"म्हंजे वेटर."

"न्हाई गं... म्हंजे हाव, ग्लास हातात धरायचाच हाय. पण बिअर कशी लागणार ते ओतणाऱ्याच्या हातात असतंय."

"हे त्यांनी सांगितलं का तुम्ही?"

"मीच."

मग करिश्मानं अगदी सरळ, टोमणा नसलेल्या आवाजात विचारलं, "तुम्ही सांगताव ते खरं असतंय का पण?"

औसा रोडवरून एक ट्रॅक्टर धडधडत गेला. धूळ बसल्यावर व्यंकटनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सकाळी विचारलं असतंस तर हाव म्हणलो असतो."

"अन् आता?"

"आता सोमवारी ये म्हणलेत."