नाव हललं, माणूस राहिला

मी पंच कार्ड बोलतोय. हळू बोलतोय, कारण शिरूरच्या या खोलीत करुणाचं बाळ नुकतंच झोपलंय. ते जागं झालं की माझी धडगत नसते. मी जाड कागदाचा, आणि त्याला दात येतायत.

माझा जन्म पुण्यातल्या एका मोठ्या ऑफिसातला. तिथं खोलीएवढा कॉम्प्युटर होता. पंचिंगच्या बायकांनी मशीनवर टकटक करून माझ्या अंगाला भोकं पाडली. दुखलं, पण त्या भोकांत भामाबाई नावाच्या शिपाईबाईचं नाव, जन्मतारीख, खातं, सगळं मावलं. एका कार्डावर एक माणूस. गठ्ठ्यात मला कुठंही ठेवा, भामाबाई अख्खी माझ्याबरोबर यायची.

त्या कॉम्प्युटरचे प्रोग्राम बबनराव लिहायचे. पुढं कार्डं रद्दीत गेली, तेव्हा त्यांनी मला तेवढं खिशात घातलं. रिटायर होऊन ते इथं मुलाकडं आले. तेव्हापासून मी त्यांच्या पुस्तकातली खूण. पुस्तक एक्सेलच्या मॅक्रोचं. साठी उलटल्यावर माणूस नव्यानं शिकतोय, म्हणून सून करुणा कौतुकानं चहा आणून ठेवते.

"मॅक्रो म्हंजी काय वो आबा?"

"एकदा शिकवायचं, मग बटण दाबलं की त्याचं ते काम करतं."

"आन् चुकीचं शिकवलं तर?"

"तर चुकीचं करतं. लई इमानी असतं ते."

आबा हसले. मला नाही हसू आलं.

त्यांचा मुलगा महेंद्र रांजणगावच्या एका कारखान्यात आहे. तिथं पोपटराव नावाच्या कामगाराचा हात मशीनमध्ये सापडला, तेव्हा त्यांचा रक्तगट कुणालाच माहीत नव्हता. म्हणून सगळ्यांच्या ओळखपत्रावर रक्तगट छापायचं ठरलं. महेंद्रनं यादी फ्लॉपीवर घरी आणली. नावं एबीसीडीप्रमाणं लावून फ्लॉपी दौंडच्या छापखान्यात द्यायची होती. आबा म्हणाले, "मी मॅक्रो लिहितो की." जुन्या सवयीनं त्यांनी आधी दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल काढली, मग बटण दाबलं.

नावं सरसर धावली. रक्तगट जागचे हलले नाहीत.

मी थिजलो. आबांनी मॅक्रोला नावांचा रकाना तेवढा दाखवला होता. त्यांना वाटलं, नाव हललं की बाकीचा माणूस आपसूक मागं येईल, माझ्यावरच्या भामाबाईसारखा. इथं तर ज्याचं त्याचं नाव दुसऱ्याच्या रक्तापुढं जाऊन बसलं होतं. मला तोंड नाही. कसा ओरडू?

करुणा बाळाला कडेवर घेऊन वाकली. "आबा, ह्यांच्यापुढं ए कसं? बी हाय की. बाळाच्या वेळी दवाखान्यात दोघांचंबी तपासलं व्हतं."

"कंपनीत चुकलं आसंल," म्हणत आबांनी तेवढं एक अक्षर बदललं. बाकीचे तसेच. फ्लॉपी महेंद्रच्या खिशात गेली, आणि तो बाहेर मोटरसायकल पुसायला लागला.

तेवढ्यात बाळानं मला पुस्तकातून उपसलं आणि तोंडात घातलं.

"आबा, बघा वो, गिळंल ते."

आबांनी मला सोडवलं, लाळ सदऱ्याला पुसली, आणि पुसता पुसता माझ्याकडं बघतच राहिले. माझ्या वरच्या कडेला छापलेलं भामाबाईचं नाव वाचलं. मला उचलून दुसरीकडं ठेवलं. परत उचललं. त्यांचा चेहरा उतरला.

"करुणा, महेंद्रला थांबव. मी नुसती नावं हलवली. माणसं तिथंच ऱ्हायली."

ती बाळासकट पळाली. बाहेर किक मारल्याचा आवाज आला. मग एकदम शांत. 

महेंद्र आत आला. मागं करुणा, मुठीत गाडीची चावी.

"आबा, चालू गाडीची चावी काढली हिनं. येडी झालीय का ही?"

"बरं केलं तिनं," आबा म्हणाले. त्यांनी नकलेची फ्लॉपी लावली. या वेळी त्यांनी अख्ख्या ओळी हलवल्या, आणि करुणाला एकेक नाव मोठ्यानं वाचायला लावून नकलेतल्या जुन्या यादीशी ताडून पाहिलं.

आता मी मॉनिटरच्या कपाळावर चिकटून असतो, कोपऱ्याला बाळाच्या दातांची खूण घेऊन. बटण दाबण्याआधी आबा माझ्याकडं बघतात. करुणा मात्र अजून रोज सकाळी महेंद्रच्या खिशातून ओळखपत्र काढते, ते एक अक्षर वाचते, मगच त्याला जाऊ देते.

माझं मागणं एवढंच. नाव उचलाल तर माणूसही उचला. आणि बाळ उठलंय वाटतं, मला जरा वर सरकवा.