आपल्याच घराची बेल

घर भाड्याने देण्याआधी मालकाने स्वतः त्यात आठ दिवस पाहुण्यासारखं राहून बघावं, असं माझे जावई यज्ञेश सांगतात. कुठला नळ गळतो, कुठल्या भिंतीला ओल येते, दुपारी पाण्याला जोर असतो की नाही, हे भाडेकरूच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. सल्ला चांगला आहे. मी तर त्या घरात चाळीसएक वर्षं काढली होती, नळ न् नळ ओळखत होते. तरी माझं चुकायचं ते चुकलंच.

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला आमची सोसायटी. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माकडं अजूनही ग्रिलमध्ये हात घालून कढीपत्ता ओरबाडतात. हे गेले, माझे गुडघे जिन्याला नको म्हणायला लागले, तेव्हा मी मुलुंडला लेकीकडे, रुचिराकडे, राहायला आले. तिच्याकडे राहायचं, पण औषधपाण्याचा भार तिच्यावर टाकायचा नाही, हे मनाशी ठरवूनच आले. म्हणून घर भाड्याने द्यायचं.

यज्ञेश कामाला लागले. मोरीची गळती काढली, रंग दिला, सोसायटीची परवानगी आणली, दशरथ नावाचा एजंट गाठला. मी दोनच अटी घातल्या. स्वयंपाकघरावरचा माळा माझा राहील, त्याला कुलूप. आणि दाराची एक चावी माझ्याकडे.

"आई, माळ्यावर आहे काय एवढं?" रुचिराने विचारलं.

"संसार आहे माझा."

"तीन कुकर आहेत. तिन्हींच्या शिट्ट्या गेलेल्या."

लोक यायचे, खिडकीतून पार्कची झाडं बघून खूश व्हायचे, आणि माळ्याचं कुलूप बघून निघून जायचे. हॉलमध्ये आमच्या कुलदेवीचा मोठा फोटो होता. तोही मी हलवू देत नव्हते.

दशरथ वैतागला. "मावशी, घर भाड्याने द्यायचंय की फुकटचा वॉचमन ठेवायचाय?"

"तू माणसं आण रे. तोंड कमी चालव."

घर तसंच बंद राहिलं. औषधं रुचिराच आणत राहिली. तिने कधी शब्द काढला नाही, पण मला पिशवी हातात घेताना अवघड व्हायचं.

मग डॅरिल आणि जॅकलिन आले. नवीन लग्न झालेलं. डॅरिलचं गोराईचं घर भावंडांनी भरलेलं, जॅकलिन हॉस्पिटलात नर्स. मराठी आपल्यासारखीच, फक्त हेल जरा वेगळा. मला दोघं पाहताक्षणी आवडली. यज्ञेश मात्र आवडण्यावर गेले नाहीत. त्यांनी आधीच्या घरमालकाला फोन करून चौकशी केली, पोलीस व्हेरिफिकेशन केलं, अकरा महिन्यांचा करार रजिस्टर केला, अनामत रकमेची पावती दिली. विजेच्या मीटरचा आणि एकेका भिंतीचा फोटो त्या दोघांना शेजारी उभं करून काढला. म्हणाले, "फोटो असले की जाताना भांडण होत नाही."

जॅकलिनने माळ्याकडे बघितलं. "आंटी, आमच्या बॅगा वर गेल्या असत्या तर..."

"पलंगाखाली जागा आहे गं भरपूर."

तिने हसून पलंगाखाली वाकून बघितलं.

पहिलं भाडं आलं त्या दिवशी मी स्वतः केमिस्टकडे गेले. येताना रुचिरासाठी मोगऱ्याचा गजरा आणला. तिने काही न विचारता माळला. फार दिवसांनी मला जेवण गोड लागलं.

होळी आली. पुरण शिजवायचं ठरलं आणि पुरणयंत्र आठवलं. ते माळ्यावर.

"मिक्सरला लावू," रुचिरा म्हणाली.

"पुरण? मिक्सरला?"

मी पर्स उचलली आणि निघाले. दोघं कामावर असणार, हे माझं मीच ठरवलं. बेलही वाजवली नाही, सरळ चावी लावली. आपल्याच घराची बेल कोण वाजवतं?

आत सगळं नीटनेटकं. फ्रिजवर, बिस्किटाच्या डब्याला टेकून, एक लहानसा क्रूस उभा होता. समोरच्या भिंतीवर आमची देवी. मी पाहिलं आणि पुढे गेले. स्टूल ओढलं, चढले, कुलूप काढलं, एका कुकरचं झाकण खडखडत खाली आलं. तशी आतल्या खोलीतून जॅकलिन मोपची दांडी उगारून धावत आली आणि किंचाळली. मी स्टुलावरून तिच्याहून मोठ्याने किंचाळले.

बिचारी रात्रपाळी करून झोपली होती. तिनेच दंडाला धरून मला उतरवलं, पाणी दिलं.

"आंटी, फोन केला असता तर मी काढून ठेवलं असतं ना," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी डॅरिलचा यज्ञेशना फोन आला. भांडला नाही. "अंकल, आम्ही महिन्याची नोटीस देतो. जॅकी म्हणते, आता दाराला खुर्ची लावल्याशिवाय झोप लागायची नाही."

यज्ञेशनी करार माझ्यापुढे धरला. "आई, आधी कळवल्याशिवाय मालकाने आत जायचं नाही, असं यात लिहिलंय. खाली सही तुमची आहे."

दशरथला कळायला काय वेळ? त्याचा फोन आलाच. "मावशी, पोलीस व्हेरिफिकेशन भाडेकरूचं करतात. तुमचं करायला हवं होतं."

मला आधी रागच आला. माझं घर, माझा माळा! पण मिक्सरच्याच पुरणाच्या पोळ्या लाटताना तो फ्रिजवरचा क्रूस डोळ्यांपुढून हलेना. आणि कार्मेनबाय आठवली.

लग्न करून कोकणातून आले तेव्हा आम्ही बोरीवली पश्चिमेला, गावठाणात, कार्मेनबायच्या एका खोलीत भाड्याने राहायचो. अंगणात विहीर, विहिरीभोवती तिच्या कोंबड्या. खोली तिने धुऊनपुसून रिकामी करून दिली होती. कोपऱ्यात फक्त पाण्याने भरलेली कळशी. भिंतीवर तिचा क्रूस होता तिथे फिकट ठसा उमटलेला.

"तुझा देव लाव तिथं," ती म्हणाली. "खिळा मजबूत हाय."

ही आमची देवी मुंबईत पहिल्यांदा टांगली ती त्या खिळ्यावर.

आणि कार्मेनबाय कधी सरळ आत आली नाही. हातात तळलेला बोंबील असो की भाड्याची आठवण, अंगणातूनच हाक यायची, "मालन, येऊ का गं?" मी हो म्हणेपर्यंत चप्पल काढायची नाही. एकदा मी हसून म्हटलं, "घर तुमचंच, विचारता काय?"

"भाडं घेते ना तुझ्याकडून? मग घर तुझं."

दुसऱ्या दिवशी मी यज्ञेशना फोन करायला लावला. आई येऊ इच्छितात, तुम्हा दोघांना सोयीचा दिवस सांगा. त्यांनी रविवार सांगितला.

रविवारी रुचिराला बरोबर घेऊन गेले आणि दारात उभी राहून बेल दाबली. चिमणीच्या आवाजाची ती बेल आमच्या यांनी हौसेने दादरहून आणली होती. इतकी वर्षं मी ती आतूनच ऐकली. बाहेरून फार बारीक ऐकू येते.

"येऊ का?" मी विचारलं.

दशरथने टेम्पो आणला होता. माळा रिकामा केला. कुकर भंगारात गेले, पुरणयंत्र मी मांडीवर घेतलं. देवी उतरवून रुचिराने साडीत गुंडाळली. खिळा मी राहू दिला. मग पर्समधून चावी काढून जॅकलिनच्या हातात ठेवली.

"कुलूप बदललंस तरी चालेल. आणि ती नोटीस... तुम्ही ठरवा. माझा राग नाही."

जॅकलिनने चावीकडे पाहिलं, मग रिकाम्या माळ्याकडे मान वर केली.

"डॅरिल," ती म्हणाली, "बॅगा वर टाक रे."

माझ्या औषधांची पिशवी अजून मीच आणते.

ईस्टरला त्यांनी मला आणि रुचिराला जेवायला बोलावलं. चिमणी वाजवून मी आत गेले. क्रूस त्या खिळ्यावर होता. कढीपत्ता हिरवागार. पण सोफा! सोफा त्यांनी खिडकीकडे पाठ करून ठेवला होता. त्या खिडकीतून पार्कची सगळी झाडं दिसतात. मी तोंड उघडलं आणि मिटलं. रुचिराने माझ्याकडे बघून ओठ चावला.

"कसं वाटतं आंटी?" जॅकलिनने विचारलं.

"छान लावलंस गं घर," मी म्हटलं, आणि झाडांकडे पाठ करून बसले.