गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. भट्टीत तापले, ऐरणीवर घाव सोसले, तेव्हा कुठे मला दोन पाती आणि काळ्या मुठी मिळाल्या. मग मी जिच्या हाती आले, तिला सारी गल्ली 'मास्तरीण' म्हणते. शिवणकामात तिचा हात धरणारे कोणी नाही.

तिचा एक नियम होता. कापड अंथरायचे, खडूने खुणा करायच्या आणि गिऱ्हाइकाला समोर उभे करून बाही केवढी, गळा केवढा हे पुन्हा विचारायचे. मगच कात्री लावायची. मलाही ती फार जपायची. कागद कापायला मला कुणी हात लावला, तर त्याची धडगत नसे.

पुढे तिची बोटे सुजू लागली. सकाळी तर माझ्या मुठीत अंगठाच जाईना. अंगातल्या ज्या ताकदीने रोगांशी लढायचे, तीच तिच्या सांध्यांवर उलटली होती. कुंपणानेच शेत खाल्ले! मी खुंटीवर लटकत गंजू लागले. मला वाईट वाटे, आणि तिला माझ्याहून जास्त.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई "कसं आहे?" विचारत, आणि उत्तर नवरा देई. माणूस मायेचा, पण तोंड भारी तत्पर. आराम आहे, असे तो ठोकून देई आणि डॉक्टरांचा वेळ कशाला खायचा म्हणून तीही मान हलवी. डॉक्टरीणबाईंना वाटे, औषध लागू पडले.

एकदा धार लावून आणायची म्हणून तिने मला पिशवीत घेतले. वाटेत दवाखाना होता. त्या दिवशी सूज पाहून डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. गोळ्या वाढवल्या तर गुण यायला वेळ लागेल. इंजेक्शनने बोटे बहुधा लवकर मोकळी होतील, पण अंगाची ती लढायची ताकद दबल्याने ताप-खोकल्याची लागण पटकन होईल. नवरा लगेच म्हणाला, "गोळ्याच द्या. घरात नातवंडं सारखी शिंकत असतात."

मास्तरणीने मला काढून टेबलावर ठेवले आणि मुठीत अंगठा घालू लागली. तो गेला नाही. तिघेही ते पाहत राहिले.

"अहो, गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय मी आजवर कापड कापलं नाही," ती म्हणाली. "इथं तर अंग माझं आहे. मला आराम नाही, कधीच नव्हता. डॉक्टर, मला हे हात हवेत. जपायचं कसं ते सांगा, मी जपेन."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. तपासण्या, आधी घ्यायच्या लसी, ताप आला तर काय करायचे, सगळे बोलणे झाले. गुणाची हमी देता येणार नाही, हेही त्यांनी सांगितले. तिने विचार केला आणि इंजेक्शन निवडले.

मित्रांनो, ती पूर्ण बरी झालेली नाही. जाड कापड आता नवरा कापतो आणि वाकडे कापतो म्हणून बोलणी खातो. पातळ कापड मात्र ती माझ्याच पात्यांनी कापते. मला थोडे तेल आणि धार पुरे. पण माणसाला काय हवे, ते त्यालाच विचारावे लागते. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर त्याच्या वतीने घाईने बोलू नका.

परवाही मी तिच्या पिशवीत होते. डॉक्टरीणबाईंनी "कसं आहे?" विचारले. नवऱ्याने तोंड उघडले, तिच्याकडे पाहिले आणि मिटले.

"अंगठा अजून दुखतो," ती म्हणाली. "नीट सांगते, ऐका."