तक्त्यातला जास्तीचा तास

मित्रांनो, माझे वय एकतीस, म्हणजे काठ्यांच्या हिशेबाने मी म्हातारीच. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या एका शेताच्या कुंपणातून एनिड टॅपस्कॉटबाईंनी मला कापले, किटलीच्या वाफेवर धरून सरळ केले आणि ओढ्याचे पाणी मोजता यावे म्हणून माझ्या अंगावर चार-चार बोटांवर खुणा डागल्या. त्यांच्या पायी हिंडणाऱ्या मंडळींबरोबर मी दर रविवारी जायची. माझे कौतुकही व्हायचे. मग बाईंच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि दोन वर्षे मी दारामागे छत्र्यांच्या गर्दीत धूळ खात उभी राहिले. फार वाईट दिवस होते ते.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघी पुन्हा निघालो. खाडीकाठाने आठ मैल. मंडळींना नेणारा होता पन्नाशीचा क्लाइव्ह हॅनाफर्ड. निघतानाच तो म्हणाला, "एनिड, आज मागे पडलात तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही छोट्या फेरीला. आणि ती काठी शेकोटीला द्या आता." छोटी फेरी म्हणजे चर्चला वळसा घालायचा आणि चहा प्यायचा. बाईंना ती शिक्षाच वाटे.

एक वाजता सगळे पाण्याकाठी सँडविच खायला बसले. पुढचे दोन मैल खाडीच्या उघड्या पात्रातून जायचे होते, ओहोटी असेतोवरच. बाईंनी सवयीने मला पाण्यात रोवले. त्यांचा चहा संपेपर्यंत पाणी दुसऱ्या खुणेवरून तिसरीवर आले.

"क्लाइव्ह, पाणी चढतंय."

"छे हो. भरती-ओहोटीच्या तक्त्यात पूर्ण ओहोटी साडेबाराला आहे. उन्हाळ्यात आपण घड्याळं तासभर पुढे करतो, म्हणजे दीड. अजून उतरतंय ते."

"तक्ता दुकानातला ना? त्यात तो तास आधीच मिळवून छापतात, बाळा. तू दुसऱ्यांदा मिळवलास."

क्लाइव्हने तक्ता उघडून तळाची बारीक ओळ वाचली आणि त्याचा चेहरा उतरला.

आता उरली टेकडीवरची वाट. दोन मैल जास्त, आणि सुरुवातच उभ्या चढाची. बाईंना आपला खुबा ठाऊक होता, तरी त्याच पुढे झाल्या. चढावर त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. मी वाकले, पण मोडले नाही. माथ्यावरून पाहिले तर खाली सगळे पात्र गढूळ पाण्याने भरले होते.

पाच वाजता आम्ही गावात पोचलो तेव्हा आमच्या मागे सातजण होते. सर्वांत शेवटी टाचेला फोड आलेला क्लाइव्ह लंगडत आला.

"पुढची मोठी फेरी एनिड नेतील," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मी शेपटाला."

"शेपूट कुठं हरवलं, तर मी शोधायला यायची नाही हं," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, कुणाला म्हातारे म्हणून घरी बसवायचे असेल, तर आधी एकदा त्याच्याबरोबर दहा मैल चालून बघा. आणि तुमच्या दारामागे माझी एखादी बहीण उभी असेल, तर तिला तेलाचा हात फिरवून बाहेर काढा. मला काल जवसाचे तेल मिळाले. रविवारी सगळ्यांच्या पुढे मी असेन.