शिट्टी वाजली आणि खेळ थांबला

“मॅडम, हळू खेळून आपणच त्याइच्या बचावाले जागेवर उभं राहाले टाइम देऊन राहिलो,” दामिनी म्हणाली. “त्या मागं पोहोचाच्या आधी पळू द्या न पोरींले.”

कोच प्रेमिलाने मैदानावरची नजर हलवली नाही. दामिनीला चेंडू धरायला तिनेच शिकवले होते. आता तीच पुण्याहून कोचिंगचा कोर्स करून कोराडी कॉलनीच्या संघाला मदतनीस म्हणून आली होती, आणि प्रत्येक बास्केटनंतर पोरी तिच्याकडेच पाहत.

समोर जरीपटक्याच्या मुलींचा बचाव पाय रोवून उभा होता. प्रेमिलाने बसवलेले पास शिस्तीत फिरत आणि शेवटी चेंडू कुणाच्या तरी हातावर आपटून परत येई. हाफटाइमला कोराडी बरीच मागे होती.

“कर तुले जे कराचं ते,” प्रेमिला म्हणाली. फसू दे, असेही मनात आले.

फसले नाही. रिबाउंड, म्हणजे हुकून उसळलेला चेंडू, मिळताच कोराडीची भूमिका लांब पास टाकी आणि गार्गी पळत सुटे. बचाव मागे येईपर्यंत चेंडू जाळीतून खाली आलेला असे. उभा राहिलेला बचाव भक्कम होता, धावणारा नव्हता. अंतर एका बास्केटवर आले.

“दामिनीताई! दामिनीताई!” बाकावरच्या पोरी ओरडू लागल्या.

प्रेमिलाच्या नावाने असे कुणी कधी ओरडले नव्हते, जिंकलेल्या सामन्यातसुद्धा. ती गुण मांडणाऱ्यांच्या टेबलाकडे गेली आणि तिने टाइमआउट मागितला. पुढच्या फाउलला शिट्टी वाजली आणि खेळ थांबला.

“काहून मॅडम? पोरी रंगात आल्या न!”

“दम लागला त्याइले.”

दम जरीपटक्याच्या मुलींना लागला होता. त्या पाणी प्यायल्या, त्यांच्या कोचने काहीतरी समजावले. खेळ सुरू झाला तेव्हा गार्गीच्या वाटेत आधीच कुणीतरी उभे होते.

कोराडी हरली.

“टाइमआउट काहून घेतला वं ताई?” गार्गी दामिनीसमोर हुंदके देत होती. “मस्त चाललं होतं न!”

“मीच घ्याले लावला मॅडमले,” दामिनी म्हणाली. “चूक माही हाय.”

पोरींचा राग तिथेच विरला. भूमिकाने तिच्या गळ्यात हात टाकला, बाकीच्याही बिलगल्या. खरे सांगायला प्रेमिलाने तोंड उघडले, पण सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या. माझी चूकही हिनेच घेतली, असे तिला वाटले.

“मॅडम, या न,” दामिनीने हाक मारली.

“टॉवेल गोळा करून राहिली. तुमी व्हा समोर.”

ती बाकाखाली वाकली आणि घामाने भिजलेला एकेक टॉवेल उचलून घडी घालू लागली.