हळदकुंकवाचा खटका

कोलशेतच्या खाडीकाठी सूत रंगवायचा एक कारखाना होता. प्लेग यायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. शेठने नवाच डायनामो आणला होता आणि न्हाणीतली वाफ बाहेर ओढायला भिंतीत विजेचा पंखा बसवला होता. न्हाणी म्हणजे सुताच्या लडी उकळत्या रंगात बुडवतात ती खोली.

पंख्याचा खटका आतच होता, ओल्या भिंतीवर, आणि तो दोनातली एकच तार तोडायचा. पंखा थांबे, पण दुसरी तार जिवंत राही. त्या तारेने श्रावणात एका गड्याला असा झटका दिला की महिनाभर त्याला स्वतःच्या हाताने घास घेता आला नाही. म्हणून तारवाला महिपत नवा खटका बसवत होता. दाराबाहेर, कोरड्या भिंतीवर, दोन्ही तारा एकदम तोडणारा.

खटका बसला. दांडी वर केली, तारा तुटल्या. आता आत जाऊन पंख्यामागची टोकं जोडायची तेवढी राहिली. पण तो आत असताना कुणी दांडी खाली ओढली तर? पाटी लिहून उपयोग नव्हता, वाचणार कोण? मग त्याला खंडेनवमी आठवली. पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावत नाही.

लडी धुणारी आवडाबाई जवळच होती. महिपतने तिला खटक्याला हळदकुंकू लावायला सांगितलं, म्हणजे तो आत असेतोवर कुणी शिवणार नाही.

"लावते की. म्हणशील तर साडीपण नेसवते," ती म्हणाली. झेंडूचं एक फूल वर खोचून, टोपली घेऊन ती खाडीवर गेली.

महिपत शिडीवर चढला. पंख्याच्या जाळीतून हात घालून त्याने एक टोक आवळलं, दुसरं आवळलं. हात मागे घेतला तर येईना. मनगटात जेजुरीच्या नवसाचं तांब्याचं कडं होतं. बायकोने, हौसाबाईने घातलेलं, कधी काढायचं नाही असा नेम. वाफेने मनगट फुगलं होतं आणि कडं पात्यामागच्या खिळीत अडकलं होतं.

तेवढ्यात बाहेरून दाराचा अडसर पडला. न्हाणीतली ही जुनी रीत, लाल रंगाला उकळी फुटली की परक्याची नजर पडू नये म्हणून दार बाहेरून बंद करायचं. मुकादम दौलतने डोकावून पाहिलं असेल, पण त्या वाफेत शिडीवरचा माणूस कुठला दिसायला.

महिपतने हाक मारली. खाली तीन कढया खदखदत होत्या, त्यांत ती बुडाली.

मग बाहेर नारळ फुटला.

शेठ आज येणार होता. दौलतने हळदकुंकू पाहिलं आणि मुहूर्ताची तयारी झाली असंच धरलं. पुजलेली वस्तू नंतर सुरू करायची असते. महिपतला खंडेनवमी आठवली होती, दसरा आठवला नव्हता. झांजा वाजू लागल्या. आधी गणपती, मग देवी, मग शंकर, शेवटी मंत्रपुष्प, आणि मग दांडी. तेवढाच वेळ त्याच्या हातात होता, आणि हात तर पात्यांत होता.

त्याने थुंकी लावली. मनगट पिळलं. कातडी सोलली, कडं हललं नाही. शिडीवरून उडी टाकावी तर हात इथेच राहणार. गणपतीची आरती संपली. देवीची सुरू झाली. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला दुसरा हात सोडायची सोय नव्हती. त्याने बोटं मिटून घेतली, जशी काही मिटलेली बोटं वाचणार होती.

शंकराच्या आरतीत झांजा एकाएकी थांबल्या. एक किंकाळी उठली. मग घुमल्याचा आवाज.

"दार उघडा! माझं लेकरू आत कोंडलंय! खटक्याला शिवेल त्याचा निर्वंश होईल!"

अडसर निघाला.

बाहेरचं त्याला मागाहून कळलं. आवडाबाई खाडीवरून आली, तेव्हा देवीची आरती संपत आली होती. महिपत आत आहे असं तिने दौलतला सांगितलं. तो जेवायला गेलाय, बायांनी मागे उभं राहावं, असं त्याने तिला सुनावलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने मानही वळवली नाही. मग तिने अंबाडा सोडला आणि अंगात आणलं. शेठसकट सगळे चार पावलं मागे सरले.

कडं करवतीने कापावं लागलं. दुसऱ्या दिवशी महिपतने दांडीला भोक पाडून तिथे कुलूप घातलं. दांडी वर करायची, कुलूप लावायचं, मगच आत जायचं. किल्ली त्याच्या करदोट्याला.

मंगळवारी तो आवडाबाईच्या झोपडीवर गेला. दारात लिंबू आणि खण घेऊन बाया बसल्या होत्या. कुणाचं पोर हरवलेलं, कुणाला मूल नाही. ती मागच्या दाराने बाहेर आली. चार दिवसांत तिचे डोळे खोल गेले होते. रोज येतात, झोपू देत नाहीत, नवराही हात जोडतो, म्हणाली.

"मी सांगतो सगळ्यांना, ते सोंग होतं म्हणून," महिपत म्हणाला.

"आणि उद्या आणखी कुणी आत राहिला तर?" ती म्हणाली. "नुसत्या आवडाबाईचं कोण ऐकतंय रे?"

आतून कुणीतरी आई म्हणून हाक मारली, देवीला मारावी तशी. तिने अंबाड्याचा आकडा काढला, दातांत धरला आणि केस सोडत आत गेली.