दोन गॅस्केट

रत्नाकर काळमेघ लष्करी सामानाच्या फॅक्टरीत सायकलनं जायचा. घरी मोटार होती, पण ती रविवारची. रविवारी सकाळी तो घमापुरातल्या घरून सुसाट निघायचा, अधारतालच्या पुढे मोकळा रस्ता लागला की आणखी सुसाट जायचा, आणि कुठेही न उतरता परत यायचा. कुठे जायचंच नाही तर एवढी घाई कशाची, असं त्याची बायको विभावरी लग्नानंतर वर्षभर विचारत होती. मग तिनं नाद सोडला.

गाडी म्हणजे जुनी स्टँडर्ड हेरल्ड, एका डॉक्टरानं वापरून विकलेली. मुळात गरीब स्वभावाची. पण रत्नाकर पडला फॅक्टरीतल्या टूलरूमचा, अवजारं घडवणारा माणूस, आणि हाती आलेली वस्तू आहे तशी राहू देणं हे त्याच्या हातून कधी झालंच नाही. त्यानं इंजिनाचं हेड सोडवलं आणि ओळखीच्या वर्कशॉपात खालून घासून पातळ केलं. हेड पातळ झालं की आतली जागा कमी होते, पेट्रोल आणि हवा जास्त दाबली जाते आणि गाडीत जोर येतो. लष्करी भंगाराच्या लिलावातून एक जादा कार्बोरेटर मिळाला, तोही त्यानं बसवला. यानंतर हेरल्ड असा काही आवाज काढू लागली की ती वळणावर यायच्या आधीच गल्लीतल्या बायका मुलांना आत ओढायच्या.

या कामात त्याला साथ होती ती धाकट्या भावाची. विनय फौजेत होता, सागरला. सुट्टीवर आला की वर्दी खुंटीवर आणि हा गाडीखाली. "दादा, अजून थोडं घास ना," असं म्हणून म्हणून त्यानंच ते हेड आणखी दोन कागद पातळ करायला लावलं होतं. आई अनसूयाबाई दोघांच्या हातांची काळी बोटं पाहायच्या आणि ताटं वाढायच्या.

जोर फुकट मिळत नाही. इतकं दाबलेलं साधं पेट्रोल ठिणगी पडायची वाट पाहत नाही, आपल्या मनानंच भडकतं आणि इंजिन आतून ठोकायला लागतं, लोखंडी कढईत फुटाणे उडावेत तसं. ते सहन करायला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. गावात एका पंपावर ते मिळायचं, लोक त्याला 'सुपर' म्हणत. एकाहत्तरच्या दिवाळीनंतर ते यायचं बंद झालं. पूर्वेकडे काहीतरी होणार हे तोवर पानवाल्यालाही कळलं होतं. फॅक्टरीत दोनाच्या तीन पाळ्या झाल्या, सुट्ट्या रद्द झाल्या, आणि पंपवाला म्हणाला, "भैया, अब सादा ही मिलेगा. डालूं?"

टूलरूममधला त्याचा जोडीदार भाऊराव सरळ माणूस होता. त्यानं सांगितलं, हेडखाली सांध्यात जो पातळ पत्रा बसतो, त्या एका गॅस्केटच्या जागी दोन घाल, आतली जागा वाढेल, ठोकणं बंद. "गाडी बैलावाणी चालीन, पन चालीन." रत्नाकरला हे भयंकर अपमानाचं वाटलं. महिनोन्‌महिने घासून जे कमावलं ते दोन गॅस्केटं घालून परत करायचं म्हणजे केलेलं काम चुकलं असं कबूल करणं झालं. त्यापेक्षा त्यानं पेट्रोललाच औषध द्यायचं ठरवलं. रंगाच्या दुकानातून तो टोल्युईन घेऊन आला. थिनरमध्ये घालतात ते. पेट्रोलात मिसळलं की त्याची सहनशक्ती वाढते, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं आणि ते खरंही आहे. किती मिसळायचं, हा मात्र ज्याचा त्याचा हिशेब. विभावरी त्या कॅनला 'काढा' म्हणायची, कारण स्वयंपाकघरापर्यंत वास यायचा.

अशात एका संध्याकाळी शेजारचे विष्णुपंत, रेल्वेतले गार्ड, घरात येऊन दार लावून बसले. उद्या सकाळी सागरकडून एक मिलिट्री स्पेशल कटनीला येणार होती. जेवणासाठी तिथे थांबणार होती. विनयची पलटण तिच्यात होती. हे कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून विष्णुपंतांनी हळू आवाजात सांगितलं, आणि सकाळच्या पॅसेंजरनं जा, मी गार्डाशी बोलतो, असंही सांगितलं.

अनसूयाबाईंनी लगेच कढई चढवली आणि बेसन भाजायला बसल्या. पोरगं लढाईवर चाललं होतं आणि एकदा डोळ्यांनी पाहायला मिळणार होतं. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

रत्नाकर म्हणाला, पॅसेंजरचं काही खरं नाही. या दिवसांत तिला बाजूला काढून मालगाड्या पुढे सोडतात, ती सिहोऱ्याला तासभर उभी राहिली तर विनूची गाडी निघून जाईल. आपण हेरल्डनं जाऊ. यात खोटं काही नव्हतं. पण खरं सांगायचं तर, बरीच वर्षं रविवारी कुठेही न जाणाऱ्या त्या गाडीला पहिल्यांदाच कुठेतरी जायचं होतं, आणि तिथे भेटणारा माणूस असा होता की ज्याला तिची किंमत कळत होती. विष्णुपंत बरं म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

फॅक्टरीत रत्नाकरचा एक नियम होता, आणि त्यापायी तो हाताखालच्या पोरांमध्ये नावडता होता. भार घालून तपासल्याशिवाय कुठल्याच वस्तूवर शिक्का नाही. रिकामी फिरवून दाखवलेली वस्तू तो परत पाठवायचा. त्या संध्याकाळी त्यानं टाकीत काढा ओतला, एकटाच गाडीत बसला, अधारतालपर्यंत सपाट रस्त्यानं जाऊन आला आणि विभावरीला म्हणाला की अजिबात ठोकत नाही. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. ज्याला कळत होतं तो स्वतः हात धुवायला गेला.

सकाळी आई पुढच्या सीटवर बसल्या. मागे लाडवांचे दोन डबे, चिवड्याचं मोठं पिंप, कारण एकट्या विनूला कसं द्यायचं, सोबतची पोरं काय बघत बसतील. घोंगडी, पाण्याची सुरई, विनूचा जुना स्वेटर. गाडी मागून चांगलीच दबली होती. पनागरपर्यंत सगळं झकास होतं. त्यापुढे लष्करी ट्रकांची रांग लागली. त्यांच्यामागून रांगत जाण्यात बराच वेळ गेला. सिहोरा मागे पडलं, थोडा चढ आला, समोरून कुणी येताना दिसेना, आणि रत्नाकरनं ट्रकांना मागे टाकायला पाय दाबला.

फुटाणे उडायला लागले. त्यानं ते ऐकलं. आईनंही ऐकलं.

"हे काय वाजून राहिलं रे?"

"काही नाही. चढ सरला की बंद होते."

पाय उचलला असता तर बंद झालं असतं. हळू गेलं असतं तरी कटनी गाठता आलं असतं, हे त्याला नंतर कळलं असं नाही, तेव्हाही कळत होतं. पण ट्रकांच्या रांगेचा अर्ध्याहून जास्त भाग अजून पुढे होता आणि विनूची गाडी सुटायची भीती होती, आणि आपल्या हातचं इंजिन ऐन वेळी दगा देईल हे त्याला मान्य नव्हतं. त्यानं पाय आणखी दाबला. चढाच्या माथ्यावर आत काहीतरी फाट्कन तुटलं, मागे निळसर धुराचा लोट निघाला आणि हेरल्ड हळूहळू रस्त्याच्या कडेला येऊन गप्प झाली.

ट्रक एकेक करून शेजारून निघून गेले. फौजेची रांग कुणासाठी थांबत नाही. रत्नाकरनं बॉनेट पुढे उलटवलं. पिस्टनला भोक पडलं होतं, हे उघडून न बघताही त्याला समजलं. तरी तो बघत राहिला. अनसूयाबाई पदर डोक्यावरून घेऊन रस्त्यात उभ्या राहिल्या आणि येईल त्या वाहनाला हात दाखवू लागल्या.

मझौलीकडून धानाची पोती घेऊन कटनीच्या बाजाराला चाललेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं सगळं ऐकून घेतलं. त्याचाही कुणी फौजेत असावा, कारण त्यानं जास्त विचारलं नाही. "अम्मा केबिन में बैठ जाएं. भैया, आप ऊपर बोरों पे आ जाओ. जगह है."

रत्नाकरनं पोत्यांकडे पाहिलं, मग हेरल्डकडे. उघडी गाडी रस्त्यावर सोडली तर संध्याकाळपर्यंत तिचा सांगाडा उरेल. दोन्ही कार्बोरेटर जातील. पुन्हा तसा कार्बोरेटर कुठून आणायचा? आणि आत नेमकं काय झालं, काढ्याचं प्रमाण कुठे चुकलं, हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. तो माणूसच तसा होता.

त्यानं डबे वर चढवून दिले. "आई, तू हो पुढं. मी गाडीचं पाहून येतोच. कोनी तरी भेटतेच."

"तू चाल रत्ना. गाडी काय पळून जाऊन राहिली?"

"येतो ना मागून."

"विनू पुसंल तुझं."

"सांग त्याले, दादा मागून येऊन राहिला."

ट्रक गेला. दुपारपर्यंत रत्नाकर गाडीपाशी बसून होता. दोन वाहनं थांबली, विचारून गेली. तो कुणाबरोबर गेला नाही. शेवटी सिहोऱ्याचा एक ट्रॅक्टरवाला मिळाला, त्यानं हेरल्ड दोरीनं ओढत गावात नेली.

अनसूयाबाई त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परतल्या. भेट झाली होती. विनू बारीक झालेला वाटला, लाडू सगळ्यांना पुरले, त्यानं स्वेटर तिथेच घातला. एवढं त्यांनी सांगितलं. रत्नाकरनं पिस्टनचं सांगितलं. दोघांनीही एकमेकांचं नीट ऐकून घेतलं नाही. सकाळची पॅसेंजर वेळेवर पोहोचली होती, हे विभावरीला दुसऱ्याकडून कळलं. विष्णुपंतांनी तो विषय कधी काढला नाही.

डिसेंबरात लढाई झाली आणि संपली. फॅक्टरीत पेढे वाटले गेले. त्यानंतर चार दिवसांनी तार आली. विनय पूर्वेकडे एका नदीच्या काठावर पडला होता, लढाई संपायच्या आदल्या दिवशी.

रत्नाकर कुणासमोर रडला नाही. तो कामावर जायचा, यायचा. जानेवारीत त्यानं हेरल्ड सिहोऱ्याहून आणवली, दुसरा पिस्टन बसवला आणि हेडखाली दोन गॅस्केटं घातली. जादाचा कार्बोरेटर काढून भाऊरावला देऊन टाकला. काढ्याचा कॅन विभावरीनं रंगवाल्याला परत केला.

गाडी आता साध्या पेट्रोलवर चालायची, आणि बैलासारखीच. शेजारचा सायकलवालाही तिला मागे टाकायचा. एका रविवारी त्यानं आईला विचारलं, येतेस का फिरायला. अनसूयाबाई घरातल्याच साडीवर येऊन पुढच्या सीटवर बसल्या. अधारतालची दुकानं आली.

मग त्या म्हणाल्या, "आवाज कुठं गेला हिचा?"

"काढून टाकला."

अनसूयाबाई बाहेर बघत होत्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर रत्नाकरला बरं वाटलं असतं.

"त्या दिवशी जेवण झालं तरी विनू डब्यात चढेना. दारात उभा. म्या सांगतलं होतं ना, दादा मागून येऊन राहिला. तर सोबतच्या साऱ्या पोरायले त्यानं चूप केलं. म्हने, भाई लोग, जरा शांत रहो, मेरे दादा की गाड़ी है, दूर से सुनाई देगी. सारी पोरं लाडू हातात धरून चूप बसली. इंजिनानं शिटी मारली त् त्याच्यावर बी चिडला तो, म्हने आता ऐकू कसं यीन."

रत्नाकरनं गाडी कडेला घेतली नाही. हातातलं चाक सरळ धरून तो तसाच चालवत राहिला, कारण थांबला असता तर पुन्हा निघता आलं नसतं. त्याला रडू येत होतं आणि त्यानं ते येऊ दिलं. पुढे पोत्यांनी भरलेला एक ट्रक चालला होता. पोत्यांवर दोन माणसं पाय सोडून बसली होती, आणि त्यांच्या शेजारी आणखी एकाला बसता येईल एवढी जागा होती.